गावाचं शहर झालं आणि सभा गेली

माझी आत्या पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरात राहते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं एक चेंबर आहे आणि ते दर पावसाळ्यात तुंबतं. तुंबलं की गल्लीतलं कुणीतरी नगरसेवकाला फोन लावतं, नगरसेवक मुकादमाला फोन लावतो, दुसऱ्या दिवशी गाडी येते, चेंबर मोकळं होतं आणि सगळे आभार मानतात. पाच पावसाळे हे असंच चाललं. एकदा मी तिथे असताना गाडीबरोबर आलेल्या कामगाराला विचारलं, की हे पुन्हापुन्हा का भरतं? त्याने लगेच सांगितलं, "पाइपच लहान आहे. वरच्या दोन सोसायट्यांची लाइन यालाच जोडली. आम्ही कितीही उपसलं तरी भरणारच."

म्हणजे पालिकेच्याच माणसाला कारण माहीत होतं, उपाय माहीत होता, आणि तरी पाच वर्षांत पाइप बदलला नव्हता. आत्याला घेऊन मी कार्यालयात गेलो. लिपिकाने न कुरकुरता आवक नोंदवही उघडून दाखवली. त्या गल्लीतून पाच वर्षांत एकही लेखी तक्रार नव्हती. "तक्रारच नाही, तर काम कसं काढायचं?" असं तो म्हणाला आणि त्याचं बरोबर होतं. पाइप बदलायचा तर आधी कुणीतरी टिपणी, म्हणजे कामाचा लेखी प्रस्ताव, ठेवावी लागते, टिपणीला आधार लागतो, अंदाजपत्रकात तरतूद लागते. त्यानंतर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. फोनवर मिटलेली तक्रार या रांगेत कुठेच उभी राहत नाही. गल्लीने पाच वेळा मदत मिळवली आणि पाच वेळा आपला प्रश्न स्वतःच्या हाताने कागदाबाहेर ठेवला.

परतताना आत्या म्हणाली, "ग्रामपंचायत होती तेव्हा तुझे आतोबा ग्रामसभेत उभे राहून बोलायचे. आता कुठे बोलायचं?" या लेखाचा विषय तिचा हा प्रश्न आहे.

तिचं शहर काही वर्षांपूर्वीपर्यंत गाव होतं. पुणे जिल्ह्यात अशी गावं बरीच आहेत. चाकण, राजगुरुनगर, वडगाव मावळ, देहू, मंचर, माळेगाव बुद्रुक या सगळ्या ठिकाणी गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद किंवा नगरपंचायत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथल्या लोकांनी तर अवघ्या काही वर्षांत तीन प्रकारची सरकारं पाहिली. आधी ग्रामपंचायत, 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत घेतली तेव्हापासून महापालिका, आणि नंतर महापालिकेतून बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद. प्रत्येक बदलाच्या वेळी चर्चा झाली ती कराची, पाण्याची, बांधकाम परवानगीची. विकासनिधी किती मिळेल याचीही झाली. नागरिकाच्या हातातून एक हक्क निघून जातो आहे, हे मात्र मी कुठल्याच हरकती-सूचनांच्या वेळी ठळकपणे मांडलेलं ऐकलं नाही.

तो हक्क ग्रामसभेचा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला कुणी निवडून द्यावं लागत नाही, कुणी बोलवावं लागत नाही. वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा गावोगावी पाठ आहेत. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी असेल ती पुरते. सभेपुढे वर्षाचा जमाखर्च ठेवावा लागतो, योजनांचे लाभार्थी निवडावे लागतात. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) समोर बसलेले असतात आणि शेवटच्या रांगेतला माणूस उठून विचारू शकतो, की मागच्या वर्षीच्या गटारीचं काय झालं? उत्तर टाळलं तरी प्रश्न विचारला गेला हे चारशे लोकांनी ऐकलेलं असतं.

गावाची लोकसंख्या वाढते, शासन अधिसूचना काढतं, ग्रामपंचायतीची पाटी उतरते आणि 1965 चा नगरपरिषदांचा कायदा लागू होतो. त्या दिवसापासून हा माणूस ग्रामसभेचा सदस्य राहत नाही. तो आता फक्त मतदार आणि करदाता. पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं आणि दरवर्षी घरपट्टी-पाणीपट्टी भरायची, एवढीच त्याची कायद्यातली भूमिका उरते.

मोठ्या शहरांत ग्रामसभा नसते, मग छोट्या शहराने का तक्रार करावी, असं कुणी म्हणेल. पण मोठ्या शहरांसाठी निदान काही पर्याय तरी योजलेले आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यातल्या एकाही नगरपरिषदेची लोकसंख्या तीन लाखांच्या जवळपास नव्हती, त्यामुळे इथे ते बंधन लागूच होत नाही. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. पदपथ, बसथांब्याचं शेड, बागेतली बाकं अशी छोटी कामं लोक अर्जावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात देतात. त्यातली किती होतात यावर पुण्यात दरवर्षी वाद होतो, आणि तो व्हायलाही हवा. पण वाद घालायला काहीतरी लेखी हातात असतं. शिवाय पुण्यात वर्तमानपत्रं आहेत, नागरिकांचे गट आहेत, माहिती अधिकाराचे मुरलेले कार्यकर्ते आहेत. पन्नास हजार वस्तीच्या शहरात यातलं फार थोडं असतं. गावाचा आवाज तिथे संपलेला असतो आणि महानगराचा अजून आलेला नसतो.

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. मी अशा एका सभेला जाऊन बसलो आहे. दाराशी मला विचारण्यात आलं, "आपलं काय काम?" सभा ऐकायला आलोय म्हटल्यावर शिपायाने आत जाऊन विचारून मग खुर्ची दिली. विषयपत्रिकेवर तीसेक विषय होते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अमुक प्रभागात काँक्रिट रस्ता करणे, तमुक कामास मुदतवाढ देणे, अग्निशमन वाहनाच्या दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देणे. एकजण विषय वाचायचा, एक सूचक, एक अनुमोदक, "मंजूर". काही विषयांना अर्धा मिनिटही लागला नाही. खरी चर्चा झाली ती दोनच विषयांवर, आणि ते दोन्ही गाळ्यांच्या भाड्याचे होते. शेवटी आले अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. ते विषयपत्रिकेवर नसतात, त्यामुळे सभागृहाबाहेर कुणालाच आधी कळत नाहीत. त्या दिवशी त्यांत एका नव्या ठेक्याचा विषय होता.

तिथल्या नगरसेवकांना मी दोष देणार नाही. त्यातले बरेच जण दिवसभर लोकांच्या कामासाठी पळतात, हे मी पाहिलं आहे. कुणाचा नळ, कुणाचा जन्माचा दाखला, कुणाच्या दारातला दिवा. पण त्यांना सभागृहात प्रश्न विचारायला भाग पाडणारं कुणी समोर नसतं. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. विषयपत्रिका नगरसेवकांना पाठवली जाते. ती शहराला वाचायला मिळेल अशी चौकात, बसस्थानकात किंवा भाजी मंडईत कुठेच लावलेली नसते. इतिवृत्त पाहायचं तर अर्ज करावा लागतो. खुर्ची खुली ठेवायची आणि विषय काय आहे ते सांगायचं नाही, अशा खुलेपणाचा उपयोग कुणाला होणार?

मधल्या काळात तर सभाच नव्हती. 2021-22 मध्ये बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले लांबत गेले आणि प्रशासक बसले. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये फटकारल्यावर डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. या सगळ्या काळात अनेक ठिकाणी मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेचे शासनाने नेमलेले प्रमुख अधिकारी, हेच प्रशासक होते. मुख्याधिकारी म्हणून टिपणी त्यांचीच आणि प्रशासक म्हणून ठरावही त्यांचाच. काही ठिकाणी कामं वेगाने झाली, हे लोक मोकळेपणाने सांगतात आणि मीही नाकारत नाही. रस्ते झाले, पाण्याच्या टाक्या झाल्या. पण शहराचा अर्थसंकल्प एका टेबलावर मांडला गेला आणि त्याच टेबलावर मंजूर झाला, याबद्दल शहरात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही, हे मला अधिक अस्वस्थ करतं. ग्रामसभा चार वेळा झाली नाही तर गावात कुजबुज होते. शहरातली सभा तीन-चार वर्षं बंद राहिली आणि आमच्या आत्याच्या गल्लीत कुणाला पत्ताही नव्हता, कारण ती सुरू असतानाही गल्लीचा तिच्याशी संबंध नव्हता.

ज्या सहा वर्षांत राज्याने नगराध्यक्ष कसा निवडावा हे तीनदा बदललं, त्या वर्षांत या प्रश्नाला हातही लागला नाही. 2016 मध्ये थेट जनतेतून, 2020 मध्ये नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. विधिमंडळात त्यावर तावातावाने भाषणं झाली. नगराध्यक्ष कुणीही निवडो, निवडून आल्यावर त्याला वर्षातून चार वेळा लोकांसमोर बसायला लावायचं की नाही, हा मुद्दा कोणत्याच बाजूला महत्त्वाचा वाटला नाही.

यावर नेहमी येणारं उत्तर असं: आता लोकसेवा हक्काचा कायदा आहे, माहितीचा अधिकार आहे, 'आपले सरकार' हे राज्याचं संकेतस्थळ आहे, आणखी सभा कशाला? हे कायदे मोलाचे आहेत. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखला, मालमत्तेच्या नोंदीतला बदल, नळजोड यांना मुदत लागली, अपील आलं, चुकणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आली. पण या कायद्याची रचना एका अर्जदाराची आहे. माझा दाखला मी मागू शकतो. गल्लीचा पाइप मोठा करा, या मागणीसाठी त्यात रकाना नाही, कारण तो एका माणसाचा प्रश्नच नाही. माहिती अधिकाराचंही तसंच. दहा रुपयांचं तिकीट लावून मी ठरावाची प्रत मिळवू शकतो, पण तोपर्यंत ठराव झालेला असतो, ठेकेदार नेमलेला असतो. निर्णय होण्याच्या आधी दहा घरांनी एकत्र येऊन आपली अडचण मांडावी आणि ती कुणीतरी लिहून घ्यावी, यासाठी सभाच लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी गावाकडच्या मित्रांकडूनच ऐकला आहे. ते म्हणतात, ग्रामसभेचं एवढं कौतुक करू नकोस. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही, मग दहा जण बसून सगळं उरकतात. रजिस्टरवर घरोघर फिरून सह्या घेतल्या जातात. कधी दोन गट हमरीतुमरीवर येतात, कधी दारू प्यायलेला माणूस माइक सोडत नाही. दलित वस्तीतल्या माणसाने बोलायला सुरुवात केली की मागून आवाज चढतात. हे सगळं खरं आहे आणि मी त्यातलं काही पाहिलं आहे. तरीही माझं मत बदलत नाही. सभा खोटी झाली तर ती खोटी झाली असं म्हणता येतं, तक्रार करता येते, पुढच्या वेळी वीस जण जास्त नेता येतात. आतोबांनी एका 2 ऑक्टोबरला गावाच्या पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी त्यांना धड उत्तर मिळालं नाही. पण इतिवृत्तात दोन ओळी आल्या, पुढच्या सभेत कुणीतरी त्या वाचून दाखवल्या आणि टाकीची दुरुस्ती झाली. नगरपरिषदेत त्यांना असा प्रश्न विचारायचा असता, तर आधी एखादा नगरसेवक राजी करावा लागला असता.

आणि तो नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा असेल तर? छोट्या शहरात कुणी कुणाला मत दिलं हे बहुतेकांना ठाऊक असतं. फोनवर चालणाऱ्या कारभाराची ही बाजू मला सगळ्यात जास्त टोचते. ज्याचा फोन उचलला जातो त्याच्या दारात गाडी येते. ज्याने विरोधात काम केलं, जो भाड्याने राहतो, जो परजिल्ह्यातून कामाला आला आहे आणि ज्याचं मतदार यादीत नावच नाही, तो फोन कुणाला लावणार? चाकणच्या आसपास कारखान्यांत काम करणारी कितीतरी कुटुंबं अशी आहेत. ती भाडं भरतात, त्या भाड्यातून घरमालक घरपट्टी भरतो, पण पाणी आलं नाही तर त्यांच्या हाती काही नसतं. सभेत निदान उभं राहता येतं. म्हणून शहरातल्या सभेत केवळ मतदारांना नव्हे, त्या प्रभागात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला बोलण्याचा हक्क असावा, असं माझं मत आहे.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती अनेकदा कागदावरच होते, तरी अंगणवाडीसमोर बसून पाण्याच्या वेळेवर तासभर बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नळाला पाणी पहाटे चारला सोडायचं की सहाला, हा निर्णय पाणीपुरवठा विभागात बसून घेतला जातो, पण त्याने झोप कुणाची मोडते हे त्या बायकांइतकं कुणाला कळतं? राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे सभागृहात निम्म्या नगरसेविका आहेत. त्यांच्या पाठीशी त्यांच्या प्रभागातल्या बायकांची सभा असेल, तर त्यांनाही सभागृहात ठामपणे बोलता येईल. आज त्यांच्यातल्या अनेकींच्या नावाने नवरे किंवा दीर बोलतात, आणि त्याला विरोध करायची ताकद एकट्या बाईत सहज येत नाही.

मग करायचं काय? कायदा बदलायला वेळ लागेल. महापालिकांच्या कायद्यात 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली, पण ती प्रत्यक्षात उतरवायला कुणी उत्साह दाखवला नाही, तेव्हा नुसत्या तरतुदीवर माझा भरवसा नाही. पण नगरपरिषद स्वतः ठराव करून दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रभागात सभा घेऊ शकते. त्यासाठी शासनाची परवानगी लागत नाही आणि जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणाशिवाय खर्चही नाही. नगरसेवक, मुख्याधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी आणि लिहून घेणारा एक लिपिक, इतकी माणसं पुरतात. लिपिक सगळ्यात महत्त्वाचा. जे बोललं गेलं ते आवक क्रमांकासह नोंदलं जावं आणि पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे टिपणी म्हणून जावं. यातली एक सभा तरी जानेवारीत व्हायला हवी, कारण फेब्रुवारीत अंदाजपत्रक होतं आणि मार्चमध्ये मागितलेल्या पाइपला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नगरसेवकांना पाठवली जाते त्याच दिवशी चौकात लावावी आणि संकेतस्थळावर टाकावी. आयत्या वेळी आलेल्या विषयात पैसा गुंतलेला असेल तर तो त्या सभेत मंजूर करू नये. पुणे महापालिकेत 2009 मध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली होती, आणि 2018 मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांना तसंच करायला सांगितलं. आपल्या नगरपरिषदेत सोमवारी तीन वाजता जाऊन एकदा विचारून पाहावं. आम्ही विचारलं तेव्हा त्या परिपत्रकाचं नाव टेबलावरच्या माणसाने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

नोंदीवर मी एवढा भर देतो त्यामागे पुण्याच्याच इतिहासातली एक गोष्ट आहे. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तेव्हा सदस्य सरकारने नेमलेले असत. गव्हर्नर जनरलच्या पुणे भेटीनिमित्त एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा फुल्यांनी तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असं म्हणत विरोधात मत दिलं. 32 सदस्यांत विरोधाचं मत त्यांचं एकट्याचं होतं. ठराव मंजूर झाला. पण ते एक मत नोंदलं गेलं म्हणून आज दीडशे वर्षांनी आपल्याला माहीत आहे, आणि त्या सभागृहात कोण कुठे उभं होतं हेही कळतं. आज आमच्या शहरातल्या सभेत "मंजूर" म्हणताना कुणी हात वर केला आणि कुणी गप्प बसलं, हे इतिवृत्तात लिहिलं जात नाही. "सर्वानुमते" एवढाच शब्द असतो.

आत्याने यंदा अर्ज केला आहे. गल्लीतल्या चौदा घरांच्या सह्या आहेत. त्यातल्या दोन भाडेकरूंच्या आहेत, त्यांना सही करायला सांगताना तिला जरा समजवावं लागलं. अर्जात दोन मागण्या आहेत: चेंबरपासून मुख्य लाइनपर्यंतचा पाइप बदलण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी, आणि प्रभागाची सभा घेऊन तिची तारीख जाहीर करावी. पोच घेतली आहे, आवक क्रमांक तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. नव्या नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला ती शेजारच्या दोघींना घेऊन जाणार आहे. बसायला खुर्च्या मिळतील का, असं तिने मला फोनवर विचारलं. मिळायलाच हव्यात, असं मी सांगितलं आहे, आणि त्या दिवशी मीही पुण्याहून जाणार आहे.